चाळिशीनंतर पळायला जरूर लागा, पण पहिल्या वर्षी मॅरेथॉनचा फॉर्म भरू नका

"डॉक्टर, तपासायला आलो नाही. फक्त एक सही हवी होती."

ओपीडी संपत आली होती. समोर सेहेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ बसले होते. हातात एका कागदाची प्रिंट. 'सदर व्यक्ती २१ किलोमीटर धावण्यास शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे,' असा मजकूर, आणि त्याखाली डॉक्टरची सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर यासाठी रिकामी जागा.

"शेवटचं कधी पळालात?"

"कॉलेजात असताना." मग हसून म्हणाले, "आणि गेल्या महिन्यात, बस चुकत होती तेव्हा."

वजन ८४ किलो. वडिलांना बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक आलेला. स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं ते आठवत नाही. शर्यत पाच महिन्यांवर. ऑफिसातल्या चौघांनी मिळून ठरवलं, पैसे भरून झाले, टी-शर्टचा साइज कळवून झाला. फक्त शरीराला कळवायचं राहिलं होतं.

मी सही केली नाही. ते नाराज होऊन गेले. सही त्यांना दुसरीकडे मिळाली असेल, कारण अशी सही मिळणं आपल्याकडे अवघड नाही. पण त्यांना जे सांगायला हवं होतं ते त्या पाच मिनिटांत मला नीट सांगता आलं नाही. ते इथे सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकजण याच वाटेवर आहात.

माझं म्हणणं थोडक्यात असं: चाळिशी-पन्नाशीत पळायला सुरुवात करणं ही फार चांगली गोष्ट आहे. पण आधी शर्यतीची तारीख ठरवायची आणि मग तिच्या मागे शरीर फरपटत न्यायचं, ही आपल्याकडे रूढ झालेली पद्धत चुकीची आहे. पहिलं वर्ष कोणत्याही शर्यतीचा फॉर्म भरू नका.

आधी 'पळूच नका' म्हणणाऱ्यांशी

हा लेख अर्धवट वाचून कोणी "बघा, डॉक्टरच नको म्हणतात" असं घरच्या ग्रुपवर टाकेल, म्हणून हे आधी स्पष्ट करतो. "या वयात पळून गुडघे घालवशील" हा सल्ला मला मान्य नाही.

२०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण पाहिलं गेलं. हौशीने पळणाऱ्यांत ते ३.५ टक्के होतं, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के, आणि स्पर्धेसाठी पळणाऱ्यांत १३.३ टक्के. गुडघे दुखणारी माणसं मुळात पळायला जात नाहीत, त्यामुळे या आकड्यांत थोडी सूट धरा. तरीही बेताने पळणाऱ्याचे गुडघे लवकर झिजतात हा समज त्यात टिकत नाही.

हृदयाचंही तसंच. अमेरिकेत ५५ हजारांहून अधिक प्रौढांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पळणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू न पळणाऱ्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के कमी दिसले. हा फायदा रोज पाच ते दहा मिनिटं, आणि तेही हळू पळणाऱ्यांतही दिसला. त्यासाठी २१ किलोमीटर लागले नाहीत, मेडल लागलं नाही.

म्हणजे तब्येतीसाठी पळायचं असेल तर लागणारं पळणं अगदी थोडं आहे. मग पहिल्याच वर्षी २१ किलोमीटर कशासाठी? याचं प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा 'फोटोसाठी' असं असतं. हौस वाईट नाही, पण हौसेला तब्येतीचं नाव देऊ नका.

दम आधी सुधारतो, हाडं मागे राहतात

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक छान गोष्ट घडते. आधी दोन मिनिटांत लागणारी धाप आता दहा मिनिटांनी लागते. रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागतं, स्नायू ऑक्सिजन चांगला वापरू लागतात. माणूस खूश होतो. "जमतंय की! उगाच घाबरत होतो."

इथेच फसगत होते. दम सुधारला म्हणजे पाय तयार झाले असं नव्हे.

पळताना प्रत्येक पाऊल टेकतं तेव्हा शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट जोर त्या एका पायावर येतो. नवशिक्याची पाच किलोमीटरला साधारण सहा हजार पावलं होतात, म्हणजे एका पायावर तीन हजार आघात. हे सोसण्यासाठी नडगीचं हाड स्वतःची दुरुस्ती करू लागतं. ती रस्त्याच्या दुरुस्तीसारखी असते: आधी खणायचं, मग भरायचं. पहिले काही आठवडे शरीर हाडाचा थकलेला भाग काढून टाकत असतं. नवं हाड भरून पक्कं व्हायला त्यानंतर महिने लागतात. टाचेच्या मागचा जाड दोर, ज्याला आपण अकिलिस टेंडन म्हणतो, त्याला रक्तपुरवठा कमी असल्याने तोही सावकाश मजबूत होतो. वय वाढलं की हे सगळं आणखी हळू चालतं.

म्हणजे दीड-दोन महिन्यांनी परिस्थिती अशी असते की दम म्हणतो, "दहा किलोमीटर जाऊ," आणि रस्ता अजून खणलेला आहे. नेमकं त्याच वेळी तारखेच्या हिशोबाने बनवलेलं वेळापत्रक सांगतं, "या रविवारी बारा."

माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या, वय एकोणपन्नास. पाळी थांबून दोन वर्षं झालेली. तिसऱ्या महिन्यात नडगीवर एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखायला लागलं. ग्रुपमधल्या अनुभवी मंडळींनी सांगितलं, "सगळ्यांना होतं, बर्फ लावा." शर्यतीच्या आधी त्यांनी पेनकिलर घेतली आणि २१ किलोमीटर पूर्ण केले. मेडल मिळालं. दुसऱ्या दिवशी पाय जमिनीवर टेकवेना. एमआरआयमध्ये नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं.

फ्रॅक्चर भरलं. पण त्या पुन्हा पळाल्या नाहीत. "माझ्या शरीराला ते मानवत नाही," असं त्या म्हणतात. मला जास्त वाईट याचं वाटतं. त्यांच्या शरीराला पळणं नक्की मानवलं असतं. मानवली नाही ती घाई. त्यांना पुढची पंचवीस वर्षं हाडं आणि साखर सांभाळण्यासाठी हे पळणं उपयोगी पडलं असतं, ते एका रविवारच्या बदल्यात गेलं.

तारीख माणसाला खोटं बोलायला लावते

दुसरे पेशंट एक्कावन्न वर्षांचे. (ओळख पटू नये म्हणून या लेखातल्या पेशंटांचे तपशील थोडे बदलले आहेत.) पुलाचा चढ लागला की छातीच्या मध्यभागी जळजळ, थांबलं की दोन मिनिटांत बरं. "ॲसिडिटी" म्हणून तीन आठवडे ते गोळ्या चघळत होते. शेवटी पत्नी हट्टाने घेऊन आली. अँजिओग्राफीत हृदयाच्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा दिसला, स्टेंट घालावा लागला.

नंतर मी विचारलं, "तीन आठवडे का थांबलात?"

"शर्यत झाल्यावर दाखवणारच होतो. आधी दाखवलं असतं तर तुम्ही पळू दिलं नसतं."

सुशिक्षित, समंजस माणूस, पण तारीख ठरलेली होती. तारखेमुळे माणूस डॉक्टरशी, घरच्यांशी आणि स्वतःशी खोटं बोलतो. दुखणं 'किरकोळ' होतं, ताप 'कणकण' होतो, छातीतली जळजळ 'कालचा वडापाव' होते. ज्याला कुठेच पोचायचं नाही तो माणूस पुलावर थांबतो आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतो.

शर्यतीत हृदय बंद पडणं ही दुर्मीळ घटना आहे, हेही सांगायला हवं. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनमधल्या सुमारे १ कोटी ९ लाख सहभागांमध्ये ५९ जणांच्या बाबतीत असं झालं, म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजारांत एक. घाबरून घरी बसण्यासारखा हा आकडा नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना पहिला हार्ट अटॅक इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं लवकर येतो. आणि दमछाकीच्या श्रमांचा धोका सगळ्यांना सारखा नसतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवड्यातून एकदाही व्यायाम न करणाऱ्यांमध्ये जोरदार श्रमाच्या वेळी हार्ट अटॅकचा धोका एरवीपेक्षा सुमारे १०७ पट वाढलेला दिसला. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांमध्ये ही वाढ फक्त २.४ पट होती. एरवीचा धोका अगदी थोडा असतो, म्हणून १०७ पट ऐकून दचकू नका, पण दोन आकड्यांमधला फरक बघा. तो फरक सवयीने येतो, आणि सवय लागायला जो वेळ हवा तोच आपण तारीख ठरवून कापतो.

"पण डॉक्टर, ध्येय नसेल तर पहाटे उठवत नाही"

हा आक्षेप खरा आहे, मी तो टाळणार नाही. फॉर्म भरला म्हणून उठलेली आणि पुढे आयुष्यभर पळणारी माणसं मी पाहिली आहेत. मुंबईत २००४ पासून हजारो लोक रस्त्यावर उतरतात. सातारा, पुणे, नाशिक, कोल्हापूर, सगळीकडे लोक पळू लागले आहेत, त्यामागे या शर्यतींचा मोठा हात आहे. मॅरेथॉनमुळे पळण्याची लाज गेली. पन्नाशीतली बाई ट्रॅकपँट घालून रस्त्याने पळते आणि कोणी वळून बघत नाही, हे मोलाचं आहे.

पण जे ध्येय पूर्ण झालं की संपतं, ते तब्येतीच्या कामाचं नाही. जानेवारीत मेडल, फेब्रुवारीत 'थोडी विश्रांती', एप्रिलमध्ये 'फार ऊन आहे', जूनमध्ये पाऊस. ऑगस्टमध्ये पुन्हा फॉर्म, पुन्हा शून्यापासून घाई. ही साखळी दरवर्षी तुम्हाला सर्वांत धोक्याच्या जागी, म्हणजे सवय नसताना जोर करण्याच्या जागी, आणून उभी करते.

ध्येय हवंच असेल तर असं ठेवा: बारा महिने, आठवड्यातून तीन दिवस, एकही दुखापत नाही. हे २१ किलोमीटरपेक्षा अवघड आहे. यासाठी कोणी मेडल देत नाही, पण वर्षाअखेरीस बीपी आणि साखरेच्या रिपोर्टमध्ये त्याचा उपयोग दिसायची शक्यता खूप आहे. सोबत हवी असेल तर ग्रुपमध्ये जरूर जा. फक्त एक पारख करा: तो ग्रुप सर्वांत मागे राहणाऱ्यासाठी थांबतो का, आणि दुखतंय म्हणून आज न आलेल्याची टिंगल करतो का? उत्तर पाहून ठरवा.

पहिलं वर्ष कसं घालवायचं

आधी चालणं. सलग अर्धा तास झपाझप चालून काही त्रास होत नाही, असे तीन-चार आठवडे जाऊ द्या.

मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ-दहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. त्रास नसेल तर दोन-तीन आठवड्यांनी पळण्याचा वाटा थोडा वाढवा. मध्ये चालायची लाज वाटू देऊ नका.

वेग असा ठेवा की शेजारच्याशी भाज्यांच्या भावावर पूर्ण वाक्यात बोलता यावं. शब्द तुटायला लागले की हळू व्हा. बीपीसाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडीचे ठोके मुळातच कमी राहतात, अशा वेळी घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका, बोलण्याचीच कसोटी लावा.

कोणत्याही एका दिवशी, मागच्या महिन्याभरातल्या सर्वांत लांब पळण्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांहून जास्त पळू नका. तीन किलोमीटर पळत असाल तर पुढची उडी तीनशे मीटरची. हे हास्यास्पद वाटतं, पण याच गतीने माणूस वर्षभरात आरामात आठ-दहा किलोमीटरवर पोचतो.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं. महागड्या बुटांपेक्षा याचा उपयोग जास्त. बूट पायाला आरामदायक असले की पुरे.

झोप मोडून पळू नका. रात्री बाराला झोपून पहाटे साडेचारला उठणं याला शिस्त म्हणत नाहीत. संध्याकाळी पळा, काही बिघडत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर तापतं, त्यामुळे तोच वेग हृदयाला जड जातो. तिथे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात हळू पळणं हाच शहाणपणा.

पळण्याआधी पेनकिलर कधीही घेऊ नका. दुखणं लपतं, आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या किडनीला इजा करू शकतात.

आधी कोणी तपासून घ्यावं

चाळिशी ओलांडली असेल आणि बीपी, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, तंबाखू किंवा सिगारेट, घरात कमी वयात हृदयविकार यातलं काहीही असेल, तर पळायला लागण्याआधी डॉक्टरांना भेटा. स्ट्रेस टेस्ट लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. ती नॉर्मल आली म्हणजे हमीपत्र मिळालं असं मात्र नाही. ती मोठे अडथळे दाखवते. लहान अडथळा अचानक फुटून होणारा हार्ट अटॅक ती सांगू शकत नाही.

जिम फिक्स यांचं उदाहरण आठवतं. पस्तिशीत, वजनदार आणि सिगारेट ओढणारा हा अमेरिकन माणूस पळायला लागला, सडपातळ झाला, सिगारेट सुटली. १९७७ साली त्यांनी पळण्यावर लिहिलेलं पुस्तक लाखोंनी खपलं. १९८४ साली, बावन्नाव्या वर्षी, पळतानाच हार्ट अटॅकने ते गेले. त्यांच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी हार्ट अटॅक आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते वारले होते. पळणं वाईट, असा याचा अर्थ काढू नका. पळण्याने वारसा पुसला जात नाही आणि जुना अडथळा विरघळत नाही, म्हणून पळणाऱ्यानेही तपासण्या आणि औषधं सोडायची नाहीत.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोस आणि खाण्याच्या वेळा आधी विचारून घ्या. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा, घरी आल्यावर तळपाय बघा. महिलांनी हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला होता. 'स्टॅमिना नाही' असं वाटतं, तेव्हा कित्येकदा रक्त कमी असतं. पळताना लघवीचे थेंब जात असतील तर संकोचून पळणं सोडू नका. त्यावर व्यायाम आणि उपचार आहेत, डॉक्टरांना सांगा.

कधी थांबायचं

पळताना छातीत दाब, जळजळ किंवा भरून आल्यासारखं वाटणं, जबड्यात, खांद्यात, हातात किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, चक्कर, डोळ्यांसमोर अंधारी, धडधड, किंवा कालच्याच अंतराला आज विनाकारण जास्त धाप. यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा. थांबल्यावर बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि तपासणी होईपर्यंत पळू नका. थांबूनही बरं वाटलं नाही तर १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

हाडावर एका बोटाने दाखवता येईल असं दुखणं, एका पायावर उडी मारली की वाढणारं किंवा रात्री जागं करणारं दुखणं असेल तर पळणं बंद करून दाखवा. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, तेवढ्यावर पुन्हा पळायला लागू नका.

यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे. न तपासता "चालत जा फक्त, पळू नका" म्हणणं सोपं, आणि न तपासता सही करणंही सोपं. दोन्हींत पेशंटकडे बघावं लागत नाही.

ते सेहेचाळीस वर्षांचे गृहस्थ हे वाचत असतील तर त्यांना सांगतो: फॉर्मचे पैसे गेले असं समजा आणि एकदा निवांत या. बीपी मोजू, ईसीजी काढू, साखर-कोलेस्टेरॉल बघू, वडिलांच्या आजाराबद्दल बोलू. मग उद्यापासून चालायला लागा, पुढच्या महिन्यात एक मिनिट पळा. वर्षभर हे टिकलं आणि तेव्हाही शर्यतीत पळावंसं वाटलं, तर तो कागद घेऊन पुन्हा या. तुम्हाला तपासून, सगळं ठीक असेल तर सही मी आनंदाने करीन.